फायटर, कोळंबी आणि 'सहजीवन' नावाचा शब्द

अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या तीन गावांत मराठी शिकवणाऱ्या आम्हा मंडळींकडून एक शब्द अलीकडे फार सैलपणे वापरला जाऊ लागला आहे. शब्द आहे 'सहजीवन'. निमित्त आहे काचेच्या एका बाउलचे. निमित्त क्षुल्लक आहे हे आम्हाला मान्य आहे. पण शब्दांची हेळसांड बहुधा क्षुल्लक जागीच सुरू होते, आणि भाषेच्या शिक्षकांनी तरी तिच्याकडे काणाडोळा करू नये.

घडले ते असे. आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयाच्या मराठी विभागात, कोशांच्या कपाटावर, चार-पाच लिटर पाणी मावेल असा एक गोल बाउल आहे. त्यात एक निळा-तांबडा फायटर. (दुकानदार फायटर म्हणतो, जाणकार बेट्टा म्हणतात.) दिवाळीच्या सुट्टीनंतर कुणीतरी त्या बाउलमध्ये दहा लाल कोळंब्या आणून सोडल्या. आठवड्याभरात विभागाच्या भित्तिपत्रकावर एक ललित टिपण झळकले. हिंस्र आणि अहिंस्र एकाच पाण्यात कसे गुण्यागोविंदाने नांदतात, आणि माणसालाच तेवढे हे का जमू नये, अशा आशयाचे. टिपण बरे लिहिलेले होते. ते लागले त्या दिवशी कोळंब्या सात होत्या. पुढल्या सोमवारी चार. नाताळात महाविद्यालय बंद झाले तेव्हा एक उरली होती आणि टिपण भिंतीवर तसेच होते. आम्ही विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले, "अहो सर, कोळंब्या कमी झाल्या खऱ्या. पण निसर्गच तो! मोठा मासा लहानाला खाणारच."

म्हणजे नोव्हेंबरात 'सहजीवन' आणि डिसेंबरात 'निसर्ग'. आमचा आक्षेप या दोन्ही शब्दांना आहे. आणि त्याहून अधिक त्या दोहोंच्या मध्ये गुपचूप बसलेल्या क्रियापदाला आहे. 'कोळंब्या कमी झाल्या.' व्याकरण शिकवणाऱ्याने या वाक्याशी थोडे थांबावे. खाणारा यात नाही. बाउलमध्ये आणून सोडणारा तर नाहीच नाही. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी कमी होते, वयानुसार नजर कमी होते, तशा कोळंब्या कमी झाल्या. अकर्मक क्रियापदाच्या आडोशाला जेवढे लपते तेवढे दुसऱ्या कशाच्याही आडोशाला लपत नाही.

आधी 'निसर्गा'चे पाहू.

हा मासा मूळचा थायलंडचा. तिथल्या संथ, उथळ पाण्यातला, भाताच्या खाचरांतला. त्याचे शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स, आणि ते १९१० मध्ये रेगन या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने दिले. थाई भाषेत त्याला 'प्ला कट' म्हणतात, म्हणजे चावरा मासा. २०१९ मध्ये थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासावरून असे दिसते की माणसाने त्याला पाळीव करून किमान हजार वर्षे झाली असावीत. हजार वर्षे झुंजीसाठी आणि नंतर दिखाऊपणासाठी निवडत निवडत वाढवलेला हा प्राणी आहे. रानातल्या नरांची झुंज बहुधा काही मिनिटांत आटोपते, कारण हरणारा पळून जातो आणि त्याला पळायला जागा असते. झुंजीसाठी वाढवलेल्या वाणाची झुंज कितीतरी लांबते. बाउलमधल्या माशाचे पंख्यासारखे पसरलेले शेपूट, ज्याला हौशी लोक 'हाफमून' म्हणतात, तेही नदीने दिलेले नाही. त्या शेपटाचे ओझे वाहत पोहताना तो दमतो. थोडे पाहिले तरी हे कळते.

आता कोळंबी. बाजारात 'चेरी' म्हणून मिळणारी ही चिमुकली कोळंबी जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरची. आयुष्य एक ते दोन वर्षांचे. तिचे कुळ तैवान-चीनकडचे. मूळ रंग तपकिरी, काहीसा पारदर्शक; म्हणजे कुजलेल्या पानांत दिसू नये असा. तो लालभडक केला माणसाने, कारण लाल कोळंबी हिरव्या वनस्पतीवर उठून दिसते. शिकाऱ्यापासून लपण्याचा जो एक मार्ग तिला होता तो आपण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून बुजवला आणि तो रंग देखणा म्हणून विकत घेतला. कात टाकल्यावर तिचे कवच काही काळ मऊ असते. त्या वेळी ती दडून बसते. गोल, उघड्या बाउलमध्ये दडायचे कुठे? काचेमागे?

माणसाने घडवलेला मासा, माणसाने रंगवलेली कोळंबी, माणसाने फुंकलेली काच, नळाचे पाणी, डबीतले खाद्य. या सगळ्यातून जे निष्पन्न होते त्याला 'निसर्ग' म्हणायचे असेल तर मग मराठीत कृत्रिम हा शब्द कशासाठी ठेवायचा?

एक गोष्ट खरी की लहान कवचधारी जीव हे या माशाचे खाद्यच आहे. पाण्यातले किडे, डासांच्या अळ्या, बारीक कोळंबीवर्गीय जीव असे तो खातो. त्याबद्दल आमची त्याच्यावर कसलीही तक्रार नाही. उलट 'फायटर' या नावाने त्याच्यावर थोडा अन्यायच केला आहे असे आम्हाला वाटते. हाच नर पाण्याच्या पृष्ठभागावर तोंडातल्या बुडबुड्यांचे फेसाळ घरटे बांधतो, खाली निसटणारी अंडी एकेक तोंडात धरून वर नेऊन ठेवतो आणि पिल्ले पोहू लागेपर्यंत त्यांची राखण करतो. त्याला 'बाप' असेही नाव शोभले असते. पण बाजाराने एक नाव उचलले आणि आम्ही ते मराठीत जसेच्या तसे घेतले.

नावांचा विषय निघालाच आहे तर कोळंबीच्या नावांपाशी थोडे अधिक रेंगाळू. कोकणपट्टीच्या मराठीला या प्राण्यासाठी शब्दांची वाण नाही. जवळा, कोलीम, करंदी, कोळंबी, सोडे, सुकट. विदर्भात गेलात तर झिंगे. आकारानुसार, ओल्या-सुक्यानुसार, सोललेल्या-न सोललेल्यानुसार वेगळा शब्द. एवढी समृद्धी एस्किमोंच्या बर्फाविषयीच्या त्या घासून गुळगुळीत झालेल्या उदाहरणातही नसेल. पण हे सारे शब्द टोपलीपासून पातेल्यापर्यंतचे आहेत. पाण्यात चालणारी, पायांनी दगड खरवडणारी, पोटाखाली वीस-पंचवीस अंडी महिनाभर वागवत त्यांना सतत वारा घालणारी कोळंबी आमच्या प्रमाणभाषेच्या दृष्टीने नाहीच. कोळ्यांच्या बोलीत तिच्यासाठी शब्द असतील, नव्हे असणारच. ते आमच्या कोशांनी किती टिपले हा निराळा आणि लाजिरवाणा प्रश्न आहे. परिणामी दुकानातली जिवंत कोळंबी विद्यार्थी 'श्रिंप' म्हणूनच ओळखतो. आणि दुकानदार तिला आणखी एका नावाने विकतो: 'क्लीनर'. "दहा क्लीनर टाका सर, बाउल साफ राहील."

हा शब्द आम्हाला सर्वांत जास्त खटकला. कोळंबी शेवाळ खाते, उरलेसुरले अन्न वेचते, हे खरे. पण माशाच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून पाण्यात जो अमोनिया साठतो तो ती साफ करीत नाही. ते काम गाळणीत आणि वाळूत वसणारे जिवाणू करतात, आणि त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बाउलमध्ये गाळणी नसते. तिथे पाणी बदलणे हे माणसाचे काम, आणि ते टाळता यावे म्हणून दहा रुपये-वीस रुपये नगाच्या जिवाला 'क्लीनर' म्हणून आत ढकलायचे. अमोनियाने गुदमरून वा फायटरच्या तोंडी जाऊन तो संपला की आणखी दहा आणायचे. घाण आमची, ती काढणारा दुसराच कुणी, आणि तो आत मेला तर 'कमी झाला'. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली करावा लागलेल्या देशात 'क्लीनर' हा शब्द इतक्या निर्धास्तपणे उच्चारला जातो आणि त्यावर दलित साहित्याचा पेपर शिकवणाऱ्यांनाही अडखळायला होत नाही, याचे आम्हाला नवल वाटते. कोळंबी आणि माणूस यांची बरोबरी आम्ही करीत नाही. शब्दाच्या सवयीविषयी बोलतो आहोत.

'मोठा मासा लहानाला खाणारच' हे वाक्य उच्चारणाऱ्याला आपण मत्स्यन्याय सांगतो आहोत असे वाटत असते. वस्तुतः त्याने मत्स्यन्यायाचा अर्थ उलटा केलेला असतो. कौटिल्याने अर्थशास्त्रात हा शब्द निसर्गाचे समर्थन म्हणून वापरलेला नाही. दंड धारण करणारा कुणी नसला की बलवान दुर्बलाला गिळतो, त्या अवस्थेचे ते नाव आहे. आणि मत्स्यन्यायाने गांजलेल्या प्रजेने वैवस्वत मनूला राजा केले, असे तोच ग्रंथ सांगतो. म्हणजे मत्स्यन्याय हा राजा नसण्याचा परिणाम आहे. बाउलला राजा आहे. तो रोज सकाळी साडेदहाला विभागाचे कुलूप उघडतो, दोन गोळ्या खाद्य टाकतो, आणि कोणी आत यावे व कोणी येऊ नये हे सर्वस्वी तोच ठरवतो. त्याने मत्स्यन्यायाकडे बोट दाखवणे म्हणजे कोतवालाने चोरीचे कारण म्हणून अंधाराकडे बोट दाखवण्यासारखे आहे.

आणि याच मनूची दुसरी कथा तर अभ्यासक्रमाबाहेरची नाही. शतपथ ब्राह्मणात ती आहे, महाभारताच्या वनपर्वात पुन्हा येते. हात धुताना मनूच्या ओंजळीत एक चिमुकला मासा येतो आणि अभय मागतो. कारण काय, तर लहान असेतो मोठे मासे आम्हाला गिळतात. मनू त्याला आधी घड्यात ठेवतो, घडा पुरेना तेव्हा खड्ड्यात, आणि तो गिळला जाण्याइतका लहान राहिला नाही तेव्हा समुद्रात सोडतो. आपल्या वाङ्मयातले हे बहुधा सर्वांत जुने घरगुती मत्स्यपात्र असावे. ते कशासाठी होते? मोठ्या माशापासून लहानाला वेगळे ठेवण्यासाठी. प्रलयाची नौका वगैरे पुढचे; आधी घडा. आम्ही हे कथानक मिथक म्हणून शिकवतो, त्याची पाश्चात्त्य प्रलयकथांशी तुलना करतो, प्रश्नपत्रिकेत टीप लिहायला देतो, आणि वर्गातून परतल्यावर कपाटावरच्या घड्यात लहानाला नेमके मोठ्यापाशी नेऊन सोडतो.

यावर आम्हाला असे ऐकवले गेले की एवढ्याशा कोळंबीला कसली आली वेदना. ब्रिटनने २०२२ मध्ये केलेल्या प्राणिसंवेदनाविषयक कायद्यात कोळंबी-खेकड्यांच्या वर्गाचा समावेश झाला, तो त्यांच्या संवेदनक्षमतेच्या पुराव्यांचा तज्ज्ञांकडून आढावा घेतल्यानंतर. आपल्याकडे तर १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यातली 'प्राणी' या शब्दाची व्याख्याच माणसाखेरीज कोणताही सजीव अशी आहे. त्या व्याख्येत कोळंबी बसते. पानातली कोळंबी कुणी सोडावी असे आम्ही म्हणत नाही. आम्ही दोघेही ती खातो. खाणारा निदान 'आम्ही सहजीवन करतो' असे म्हणत नाही.

आता 'सहजीवना'चे. या गावांत राहणाऱ्याला हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेली माणसे उतरली, १९४९ साली त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले, आणि आजही तिथला पत्ता कॅम्प नंबराने सांगितला जातो. मराठी आणि सिंधी माणसे इथे शेजारी राहिली ती भांडत, व्यापार करीत, एकमेकांच्या लग्नांना जात आणि एकमेकांबद्दल कुजबुजत. झुलेलाल पल्ला माशावर आरूढ असतो हे कॅम्पातल्या मराठी पोरांनाही ठाऊक असते. हे सहजीवन आहे, कारण यात कोणीही दार उघडून बाहेर पडू शकतो, दुसऱ्या गल्लीत जाऊ शकतो, पोलिसांत तक्रार देऊ शकतो. ज्याला निघून जाता येत नाही त्याचे सहजीवन होत नाही. त्याला फार तर एकत्र कोंडणे म्हणावे. भित्तिपत्रकावरच्या त्या टिपणात हिंदू-मुसलमान ऐक्याची उपमाही होती. अशा रूपकाचा अर्थ पुरता उलगडून पाहिला तर त्यात खाल्ला जाणारा कोण ठरतो, हे लेखकाने लिहिण्याआधी स्वतःला विचारले होते काय?

अकर्मक क्रियापदाचा विषय आम्ही इतका ताणतो आहोत त्याला आणखी एक कारण आहे. अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराला लागून, शके ९८२ चा शिलालेख असलेल्या त्या वास्तूच्या पायाशी, वालधुनी वाहते. तीच पुढे उल्हासनगरातून जाते. ती आज नाला म्हणून ओळखली जाते. 'वालधुनी प्रदूषित झाली' असे आमचे विद्यार्थी निबंधात लिहितात आणि आम्ही त्याखाली लाल शाईने काही लिहीत नाही. नदी प्रदूषित झाली, मासे कमी झाले. २०१४ च्या अखेरीस एका रात्री टँकरने याच पात्रात रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरातल्या शेकडो माणसांना श्वास घेणे अवघड झाले, तेव्हा काही दिवस वाक्यांना कर्ता मिळाला होता. पुढे पुन्हा तेच क्रियापद. वनशक्ती या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध हरित लवादाकडे दाद मागितली तेव्हाही खरा प्रश्न कर्ता कोण हाच होता. बाउलमधली सात कोळंबी आणि एक अख्खी नदी यांच्यात प्रमाणाचा फरक आहे. वाक्यरचनेचा नाही.

काही सहकारी म्हणतात, आम्ही हटवादी आहोत. फायटर आणि कोळंबी एकत्र राहिलेली अनेकांनी पाहिली आहेत. पाहिली असतील. प्रत्येक फायटरचा स्वभाव वेगळा असतो. एखादा कोळंबीकडे ढुंकूनही पाहत नाही, दुसरा तासाभरात शिकार करतो, आणि हे आधी ओळखण्याचा मार्ग नाही. ज्यांना करायचेच आहे त्यांनी निदान इतके करावे: टाकी वीस लिटरच्या आत नको, चाळीस असल्यास बरी; गाळणी हवी; मॉस आणि वनस्पती इतक्या दाट की आपल्यालाच कोळंबी शोधावी लागावी; कोळंबी आधी सोडून तिला महिना-दोन महिने तिथे रुळू द्यावे, मासा मागाहून. तांबे असलेले माशांचे औषध त्या पाण्यात कधीही घालू नये, मासा जगेल आणि कोळंबी मरेल. शिवाय आपल्या गावांचा विचार करावा. बदलापुरात पावसाळ्यात वीज जाते, मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, पाणी एक दिवस येते आणि एक दिवस येत नाही. पंप बंद पडला की तापलेल्या पाण्यातला प्राणवायू घटतो. फायटरला वरची हवा घेणारे एक खास इंद्रिय आहे, तो पृष्ठभागाशी येऊन श्वास घेतो. कोळंबीला ते नाही. पहिला बळी तिचा जातो. यात फायटरचा काहीच दोष नसतो, पण सकाळी हिशेब मात्र त्याच्या नावावर मांडला जातो.

आता आमचीही कबुली. आमच्यापैकी एकाच्या बदलापूरच्या घरी साठ लिटरची टाकी आहे आणि तीत आखूड पंखांचा एक फायटर आणि वीसेक कोळंब्या सुमारे आठ महिने एकत्र होत्या. वर सांगितलेले सारे नियम पाळलेले. मोठ्या कोळंब्यांपैकी फार थोड्या गेल्या. पाहुण्यांना आम्ही कौतुकाने दाखवीत असू, "बघा, कशी छान नांदतात." अंडी वागवणाऱ्या माद्या दिसत, पिल्ले मात्र दिसत नसत, आम्ही समजत होतो की ती मॉसमध्ये असतील. मग गाळणी बदलण्याच्या निमित्ताने फायटर दुसऱ्या भांड्यात हलवला आणि आळसापोटी तिथेच राहू दिला. पाच आठवड्यांनी एका सकाळी काचेवर धुळीच्या कणांएवढे काहीतरी सरकताना दिसले. ती पिल्ले होती, दोन-अडीच मिलिमीटरची, हुबेहूब कोळंबीच्या आकाराची. आम्ही मोजू लागलो आणि चाळीसनंतर सोडून दिले. आठ महिन्यांत अशा किती खेपा झाल्या असतील याचा हिशेब त्या दिवशी आम्ही केला नाही, नंतरही केलेला नाही. त्या आठ महिन्यांत आम्हीही 'सहजीवन' हा शब्द वापरला होता, एकदा तर वर्गात.

विभागातली उरलेली एक कोळंबी आम्ही जानेवारीत मागून आणली. तिला साठ लिटरच्या टाकीत सोडले. तिथे ती लगेच मॉसमागे गेली आणि मग इतरांतून वेगळी ओळखता आली नाही. फायटर अजून कपाटावरच्या बाउलमध्येच आहे. त्याच्यासाठी पंचवीस लिटरची टाकी आणि लहान गाळणी घ्यावी, त्यासाठी शिक्षकांनी वर्गणी काढावी, असा प्रस्ताव आम्ही दिला आहे. तो पुढच्या विभागीय बैठकीच्या विषयपत्रिकेत सहाव्या क्रमांकावर, आयत्या वेळच्या विषयांच्या आधी आहे. भित्तिपत्रक मात्र बदलले. त्या जागी आता मराठी भाषा गौरव दिनाचे पत्रक लागले आहे.